पडदा वाट बघत नाही



डोळ्याच्या पडद्याची जाडी मोजणं हा आजचा विषय. ऐकताना वाटेल की हे डॉक्टरांनी डॉक्टरांच्या परिषदेत बोलायचं. भरल्या सभागृहात याचं काय काम? मला वाटतं, खरं काम इथेच आहे. या जाडीचा आकडा यंत्र काढतं, त्याचा अर्थ डॉक्टर लावतात. पण तो वेळेवर निघणार की उशिरा, हे घरात ठरतं. जेवणाच्या ताटाभोवती ठरतं. "सुगी झाल्यावर बघू," "लग्न उरकल्यावर बघू," "अजून दिसतंय की चांगलं," या वाक्यांत ठरतं. म्हणून हा विषय तुमचा आहे.

मी चार गोष्टी क्रमाने मांडणार आहे. पडदा मोजतात कसा. निघालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा. आकड्याचं आणि नजरेचं नातं काय. आणि सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांनी काय करायला हवं.

पहिली गोष्ट. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक नाजूक पापुद्रा असतो. पुस्तकात त्याला दृष्टिपटल म्हणतात, ओपीडीत सगळे पडदा म्हणतात. बाहेरून आलेल्या प्रकाशाचे इथे विजेचे संदेश होतात आणि ते नसेवाटे मेंदूकडे जातात. याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्या हिशेबाने अडीचशेच्या आसपास मायक्रॉन. एवढ्या जाडीत दहा थर बसलेले असतात. पडद्याच्या मधोमध मॅक्युला, आणि मॅक्युलाच्या मधोमध एक लहानसा खळगा. सुईत दोरा ओवता, सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचता, समोरून येणारा माणूस आपला की परका हे ओळखता, ते या खळग्याच्या जोरावर. बाकीचा पडदा शाबूत राहिला आणि एवढाच भाग बिघडला, तर माणूस घरात वावरेल, पण वाचू शकणार नाही, चेहरा ओळखू शकणार नाही.

आता हा पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यात मोजायचा कसा? १८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत बघण्याचं उपकरण बनवलं. तेव्हापासून डॉक्टरांना पडदा समोरून दिसू लागला: त्याचा रंग, रक्ताचे ठिपके, नसेचं तोंड. पुढे १९६०च्या दशकात हाताच्या शिरेतून रंग टोचून फोटो काढायची पद्धत आली आणि कुठली रक्तवाहिनी गळते ते कळू लागलं. पण खोली? सूज किती? ते अनुभवी नजरेवर सोडलेलं होतं. डॉक्टर लिहायचे, 'थोडी सूज वाटते.' तीन महिन्यांनी पुन्हा लिहायचे, 'थोडी कमी वाटते.' अशा 'वाटण्या'वर उपचार किती दिवस चालवणार?

विहीर किती खोल आहे हे बघायला आपण खडा टाकतो आणि आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून अंदाज बांधतो. पडद्यालाही हेच लावता येईल का? प्रकाश आत सोडायचा, आणि कुठल्या थरावरून तो किती वेळाने परततो ते मोजायचं. अडचण अशी की प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. पाव मिलिमीटरचा पडदा ओलांडून परत यायला त्याला लागतात दोन-अडीच पिकोसेकंद. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. त्यातही थर वेगळे ओळखायचे तर याहून कितीतरी बारीक वेळ मोजावा लागेल. ते साध्या घड्याळाचं काम नव्हे.

उत्तर सापडलं ते शंभर वर्षं जुन्या भौतिकशास्त्रात. अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८०च्या दशकात एक रचना केली होती. प्रकाशाचा एक झोत दोन भागांत फोडायचा, दोघांना वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचं आणि पुन्हा एकत्र आणायचं. दोन्ही वाटांची लांबी जुळली की लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्याची खूण उमटते. आता यातली एक वाट डोळ्यात जाऊ द्या आणि दुसरी एका आरशाकडे. प्रकाश असा निवडा की वाटांमध्ये काही मायक्रॉनचा फरक पडला तरी खूण पुसली जावी. मग खूण उमटली की आरसा किती अंतरावर आहे तेवढं बघायचं. तेवढ्याच अंतरावर डोळ्यातला थर आहे. वेळ मोजायची गरजच उरली नाही. अंतराने अंतर मोजलं.

१९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटीशी संबंधित गटाने 'सायन्स' या नियतकालिकात हे तंत्र मांडलं आणि त्याला नाव दिलं ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, म्हणजे आपलं ओसीटी. जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्या वेळी विद्यार्थी असलेले डेव्हिड हुआंग ही त्यातली मुख्य नावं. २०२३ साली तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९९६ साली पहिलं यंत्र बाजारात आलं. २००२ सालचं स्ट्रेटस यंत्र सेकंदाला ४०० रेषा टिपायचं. २००६च्या सुमाराला आलेली पुढची पिढी सेकंदाला हजारो रेषा टिपू लागली आणि पाच मायक्रॉनच्या आसपासचा तपशील दाखवू लागली. एका पिढीच्या आत 'थोडी सूज वाटते' याची जागा आकड्याने घेतली.

तपासणी करताना काय होतं तेही सांगतो, कारण पुष्कळ जण नुसत्या भीतीने टाळतात. तुम्ही स्टुलावर बसता. हनुवटी एका खोबणीत, कपाळ पट्टीला टेकलेलं. समोर एक लहानशी खूण दिसते, तिच्याकडे बघत राहायचं. "आता मिटू नका... झालं, मिटा." एका डोळ्याला काही सेकंद. डोळ्याला काही लागत नाही, सुई नाही, क्ष-किरण नाहीत. कधी बाहुली मोठी करायला औषधाचे थेंब घालतात. मग दोन-चार तास धूसर दिसतं, एवढंच. त्या दिवशी गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आणावं.

दुसरी गोष्ट, आकड्याचा अर्थ. हातात रंगीत कागद येतो. त्यावर एकात एक तीन वर्तुळं असतात, एक, तीन आणि सहा मिलिमीटर व्यासाची, आणि त्यांचे नऊ भाग. प्रत्येक भागात एक आकडा. सगळ्यांची नजर जाते ती मधल्या आकड्याकडे. त्याच कागदावर पडद्याचा उभा छेद असतो, राखाडी रंगात. निरोगी पडद्यात मधोमध छान खळगा दिसतो. मधुमेहाची सूज आली की खळगा भरून येतो, उलट टेंगूळ दिसतं, आणि आत काळे पोकळ कप्पे दिसतात. ते कप्पे म्हणजे साठलेलं पाणी. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात आणि झिरपू लागतात. ते हे पाणी.

आता प्रश्न. मधला आकडा २९० आला. चांगला की वाईट?

तुम्ही म्हणाल, तक्ता बघा. पण कुठल्या यंत्राचा तक्ता? जुनं स्ट्रेटस पडद्याची खालची हद्द जिथे धरायचं, त्याहून सिरस नावाचं यंत्र खाली धरतं आणि स्पेक्ट्रालिस नावाचं यंत्र त्याच्याही किंचित खाली. त्यामुळे एकाच निरोगी डोळ्याचा आकडा स्ट्रेटसवर दोनशेच्या आसपास, तर स्पेक्ट्रालिसवर २७०च्या आसपास येऊ शकतो. पडदा तोच, मोजण्याची हद्द वेगळी. शिवाय पुरुषांचा मधला भाग सरासरीने बायकांपेक्षा थोडा जाड असतो. म्हणून मधुमेहाच्या सुजेवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये स्पेक्ट्रालिससाठी बायकांना ३०५ आणि पुरुषांना ३२० मायक्रॉन अशी सीमा धरली गेली. सिरससाठी २९० आणि ३०५. म्हणजे २९० हा आकडा एका यंत्रावर बाईसाठी सुजेच्या उंबरठ्यावरचा, आणि दुसऱ्या यंत्रावर त्याच बाईसाठी काळजीचं कारण नसलेला.

आणखी एक. भारतीय डोळ्यांवर झालेल्या मोजणीत मधला भाग युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा सरासरीने पातळ आढळला आहे. त्यामुळे परदेशी माणसांच्या मापांवर बेतलेला हिरवा-पिवळा-लाल रंग आपल्या डोळ्याला जसाच्या तसा लावताना डॉक्टरांना विचार करावा लागतो. यंत्राने थराची रेघ चुकीच्या जागी ओढली तर आकडाही चुकतो. म्हणून चांगला डॉक्टर आधी छेद बघतो आणि मग आकडा.

मग या आकड्यावर भरवसा ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण तुलनेसाठी. तुमचा आजचा आकडा शेजारच्या माणसाच्या आकड्याशी लावून फारसं काही कळत नाही. तुमचाच, त्याच डोळ्याचा, त्याच जातीच्या यंत्रावरचा, गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवला की खूप कळतं. २५५चे २९० झाले असतील, तर तक्ता काही म्हणो, त्या डोळ्यात काहीतरी चाललेलं आहे. म्हणून माझं पहिलं मागणं: पडद्याचा प्रत्येक कागद जपून ठेवा. रेशनकार्ड जपता, जमिनीचे उतारे जपता, तसाच हाही जपा. डॉक्टर बदलला तर जुने कागद घेऊन जा. तुमच्या पहिल्या निरोगी स्कॅनची किंमत फार मोठी आहे, आणि ती पुढे कधीतरी कळते.

काचबिंदूतही अशी तुलनाच कामाला येते. तिथे उलटा प्रकार असतो. सूज नाही, झीज. नसेभोवतीच्या तंतूंचा थर निरोगी माणसात शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो. तो हळूहळू पातळ होत जातो. नेहमीच्या तपासणीत नजरेच्या कडेचा दोष पकडला जाईपर्यंत त्या नसेच्या पेशींपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात. माणसाला काहीच जाणवलेलं नसतं. जाडीच्या मोजणीत मात्र ही उतरण आधी दिसू शकते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आकडा आणि नजर यांचं नातं सरळ नाही.

जाडी वाढली म्हणजे नजर गेलीच, असं नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत मध्यभागी सूज असलेले पण नजर उत्तम असलेले ७०२ मधुमेही होते. काहींना लगेच इंजेक्शनं दिली, काहींना लेझर, काहींवर नुसतं बारीक लक्ष ठेवलं आणि नजर उतरू लागली तरच इंजेक्शन दिलं. दोन वर्षांनी तिन्ही गटांत नजर कमी होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. म्हणजे आकडा वाढला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण नीट ऐका: ज्यांना नुसतं लक्ष ठेवून चाललं, ते वारंवार तपासले जात होते. लक्ष ठेवणं आणि दुर्लक्ष करणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता दुसरी बाजू. जाडी उतरली म्हणजे नजर आलीच, असंही नाही. सूज वर्षानुवर्षं राहिली तर आतल्या पेशी मरत जातात. मग इंजेक्शन दिलं, किंवा काहीच न करता पाणी आटलं, तरी आकडा खाली येतो. ४८०चे २४० होतात. कागदावर हिरवा रंग येतो. घरचे विचारतात, "डॉक्टर, सूज उतरली ना? मग यांना दिसत का नाही?" काय सांगायचं त्यांना? छेदात खालच्या बाजूला एक पांढरी, सलग रेघ असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची ती खूण. ती रेघ तुटलेली असते. जागा मोकळी झाली, पण तिथे राहणारं कुणी उरलेलं नसतं. तोच आकडा एका डोळ्यात आरोग्याचा असतो आणि दुसऱ्यात उशिराचा. फरक कुठे पडला? किती लवकर तो डोळा तपासायला आला, तिथे पडला.

उपचार आहेत. गळती वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनं गेल्या दोन दशकांत आली. त्यांतल्या रॅनिबिझुमॅब या औषधाचं आपल्याकडे बनलेलं, त्यामानाने स्वस्त रूप २०१५ साली आलं. पण एका इंजेक्शनात भागत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पहिल्याच वर्षात आठ-नऊ इंजेक्शनं लागली होती. आटपाडी, जत, माण, पाटण इथून दर महिन्याला शहरात यायचं, रोज बुडवायचा, सोबतीच्या माणसाचाही बुडवायचा. दोन-तीन इंजेक्शनांनंतर बरं दिसू लागलं की माणूस येणं थांबवतो. त्याला दोष देऊन चालणार नाही. त्याची अडचण खरी आहे. पण थांबल्यावर सूज परत येते, आणि ती आधी यंत्राला दिसते, माणसाला नंतर.

आता चौथी गोष्ट, आपले दोन जिल्हे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांचं मिशन हॉस्पिटल मिरजेत उभं राहिलं. पटवर्धनांचं संस्थान, रेल्वेचं जंक्शन, आणि तिथे हे हॉस्पिटल. कोकणातून, कर्नाटकातून, बैलगाडीने, रेल्वेने लोक येऊ लागले. त्यात मोतीबिंदूचे रुग्ण असंख्य. काठी धरून आलेली माणसं बघत बघत घरी गेली. १९२८ साली वॉन्लेस यांना 'सर' ही पदवी मिळाली. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं. वैद्यकीय नगरी म्हणून मिरजेचं जे नाव आहे, ते असं पिढ्यांच्या कष्टातून झालं. १९७६ साली देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचाही भर मोठ्या प्रमाणात मोतीबिंदूवर राहिला, आणि ते योग्यच होतं. आजही पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदूच आहे.

या थोर परंपरेने आपल्या मनात एक समज पक्का केला. दृष्टी गेली तरी परत आणता येते. मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. आधी घाई कशाला? जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत त्या थांबण्याला अर्थ होता. चार वर्षं थांबलं तरी भिंग बदललं की दिसायचं. आजीला दिसलं, काकांना दिसलं. घराघरांत हा अनुभव आहे.

आणि हाच अनुभव पडद्याच्या बाबतीत घात करतो. भिंग बदलता येतं, पडदा बदलता येत नाही. मेलेली पेशी परत आणणारं इंजेक्शन आज नाही. मोतीबिंदूने आपल्याला वाट बघायला शिकवलं. पडदा वाट बघत नाही. मधुमेह असलेल्या माणसाला धूसर दिसू लागतं, तो म्हणतो, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू," आणि वर्षभर थांबतो. त्या वर्षात कधी कधी सगळं संपतं. मला आज जे सांगायचं आहे ते हे एवढंच आहे. बाकी सगळं याच्या आधारासाठी.

प्रश्न किती मोठा आहे? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला, साधारण सहांत एक. आपला ऊसपट्टा आहे म्हणून मधुमेह आहे, असलं सोपं समीकरण मी मांडणार नाही. पण या सभागृहात आपण जेवढे बसलो आहोत, त्यात मधुमेह नसलेलं घर शोधावं लागेल.

मग करायचं काय? प्रत्येक गावात ओसीटी यंत्र ठेवा, असं मी म्हणणार नाही. ते महाग आहे आणि त्याची गरजही नाही. पहिल्या चाळणीला पडद्याचा साधा फोटो पुरतो. फोटो काढायला शिकवलेला माणूस लागतो, तो शहरातल्या डॉक्टरला पाठवता येतो. ज्याच्या फोटोत शंका येईल, त्याला स्कॅनसाठी पाठवायचं. ही व्यवस्था कुठे लावता येईल? जिथे माणसं आपोआप जमतात तिथे. साखर कारखान्याच्या आवारात, हंगाम चालू असताना. बाजार समितीत. लोणंद-फलटणला माउलींची पालखी मुक्कामाला असते तिथल्या आरोग्य शिबिरांत. जिथे शुगर तपासण्याचं टेबल मांडतो, त्याच्या शेजारी पडद्याच्या फोटोचं टेबल मांडायचं. गावातली माणसं येतील का? नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात डोळ्यांची मोठी पाहणी झाली. तिशीपुढच्या ४,७११ लोकांनी तीत तपासून घेतलं. पात्र लोकांपैकी ते सुमारे ऐंशी टक्के होते. तपासणी माणसापर्यंत नेली तर माणूस येतो.

आणि घरी? मध्यमवयात होणारा मधुमेह निघाला, त्याच वेळी पडदा तपासायचा. नंतर दर वर्षी. लहानपणी सुरू होणाऱ्या मधुमेहात पाच वर्षांनी सुरुवात करायची. मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले तर सुरुवातीलाच तपासायचं. शुगर, रक्तदाब ताब्यात ठेवायचे. त्याला पर्याय नाही. अधूनमधून एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधला चौकोन पुसट झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. पण रेषा सरळ दिसल्या म्हणून वर्षाची तपासणी चुकवायची नाही, कारण सूज सुरू होते तेव्हा पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

थोडक्यात सांगतो. पडदा पाव मिलिमीटरचा आहे आणि तो मोजता येतो. त्याचा आकडा तुमच्याच जुन्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो. उशिरा उतरलेला आकडा नजर परत देत नाही. आणि मोतीबिंदूसारखं पडद्याला थांबवून ठेवता येत नाही.

आज घरी गेलात की मधुमेह असलेल्या माणसाची फाईल काढा. तिच्यात शुगरचे कागद असतील, औषधांच्या चिठ्ठ्या असतील. या वर्षाचा पडद्याचा कागद आहे का, तेवढं बघा. नसेल, तर तपासणीचा दिवस आजच ठरवा, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही ठरवा.